दुसऱ्या टाचेचं रक्त

दवाखान्यात तिला सगळे ठिपकेवाली म्हणत. दीड महिन्याच्या बाळाची टाच टोचायची, जाड कार्डावर छापलेल्या पाच वर्तुळांत रक्ताचा एकेक थेंब टिपायचा, कार्ड वाळवून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं, हे तिचं बारा वर्षांचं काम. आईला एचआयव्ही असेल, तर तो बाळाला झालाय की नाही हे त्या ठिपक्यांवरून कळे.

त्या सकाळी आलेली आजी दारातूनच सुरू झाली. "आता आणखी कशाला टोचताय? बाहेर तपासलंय आम्ही. आहे म्हणाले!"

"आजी, त्या तपासणीत आईचीच खूण दिसते. पोटात असताना बाळाकडे आलेली. इथे खुद्द विषाणूच शोधतात."

"शोधा बाई, शोधा! तुमचाच हरवलाय जसा!"

तिची सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. टोचताच बाळाने टाहो फोडला, तशी तिच्या डोळ्यांना धार लागली. एकच वर्तुळ धड भरलं, चार अर्धवट राहिली. ठिपकेवालीचं मन द्रवलं, आणि ज्यासाठी ती नवख्यांना फैलावर घेई तेच तिने केलं. पुन्हा टोचायचं टाळून, उरलंसुरलं रक्त पिळून अर्ध्या ठिपक्यांवर वरून थेंब चढवले.

तिघं गेली. तासाभराने कार्ड पाहते तो ठिपक्यात ठिपका, गडद कडा! असलं कार्ड प्रयोगशाळा नाकारणार, ते कळून नवं कार्ड घ्यायला तीन आठवडे जाणार. तोवर ही आजी परत फिरकणार थोडीच? आणि बाळाला खरंच असेल तर? एवढ्याशा जिवाला तीन आठवडे फार होतात.

"कुणाला कळतंय? द्या पाकिटात घालून," पाकिटं नेणारा शिपाई म्हणाला.

"मला कळतंय ना!" पायात चपला सरकवून ती थेट गाडीच्या थांब्यावर.

"आल्या! सुईला करमेना वाटतं?" आजी.

"चूक माझी आहे, आजी. दया आली आणि काम बिघडवलं. पुन्हा टोचावं लागेल."

"आणि गाडी?"

"चुकेल."

आजीने तोंड उघडलं, पण सून उठलीसुद्धा. सकाळपासून पहिल्यांदाच बोलली. "चला. एकदाचं कळू दे."

या वेळी दुसरी टाच कोमट फडक्याने शेकली. पहिला थेंब पुसून टाकला. पाचही वर्तुळं काठोकाठ भरली. बाळ रडलं, सून रडली, ठिपकेवालीचा हात हलला नाही. कार्ड चार तास आडवं वाळलं, शिपाई तोवर ताटकळला.

बारा दिवसांनी निकाल आला. विषाणू सापडला होता.

सुनेने बाळाला छातीशी ओढलं. तिच्यासमोर उकिडवी बसून ठिपकेवाली म्हणाली, "वेळेत सापडलाय. बाळ अजून छान आहे. खात्रीसाठी आणखी एक कार्ड घेऊ, पण औषध त्याच्यासाठी थांबणार नाही. आजच सुरू."

आजीने चष्मा चढवला, औषध पाजायची पिचकारी खिडकीच्या उजेडात धरली.

"रेघ कुठली? ही, की वरची? नीट दाखव गं. रोज दोनदा मलाच द्यायचंय."