पितळी फुलांचे पाय

"आपण बोट लावायचं, आवळणारा पुढं हाय." कुरुळीच्या सुमनताई हे दिवसातून चारदा म्हणायच्या. चाकणच्या कंपनीत नऊ वर्षं त्यांचं काम तेवढंच होतं. गाडीच्या सांगाड्यात बोल्ट ठेवायचा आणि हातानं दोन आटे फिरवायचे. पुढच्या स्टेशनवर मशीन तो करकचून आवळायचं.

गुरुवारी सुट्टी असली की त्या फोटोंच्या वह्या सजवायच्या. जाड रंगीत कागद, त्यावर फोटो आणि फोटोच्या चारी कोपऱ्यांना नखाएवढी पितळी फुलं. फुलाला मागं दोन पातळ पाय असायचे. ते भोकातून घालायचे, पलीकडून फाकवायचे आणि कागदाशी दाबून सपाट करायचे.

शेजारच्या खोलीत बीडकडची विजयश्री भाड्यानं राहायची. तिच्या तनुजाच्या पहिल्या वाढदिवसाला ताईंनी अशीच वही केली. दुपारी औक्षण झालं, वही हातोहात फिरली आणि शेवटी तनुजाच्या पुढ्यात आली. ती पानाचा कोपरा चघळू लागली.

"ताई, तुमची वही केकपरीस गोड लागती लेकराला," विजयश्री म्हणाली.

ताईंनी हसत हसत वही ओढून घेतली. पाचव्या पानावर तीनच फुलं होती. चौथ्या जागी नुसतं भोक.

तनुजाचं तोंड हलत होतं.

ताईंनी तिच्या तोंडात बोट घातलं. केकचा लगदा निघाला, दुसरं काही नाही. सतरंजी झटकली, पदर झाडले, खोकी उलटी केली. पोर एकदा खोकलं. ताईंनी पान उलटलं. उरलेल्या फुलांचे पाय जरासे फाकवलेले होते, दाबलेले नव्हते. हातानं सवयीनं काम अर्धं सोडलं होतं, आणि इथं पुढं कुणी नव्हतं.

"विजे, रिक्षा बोलाव," त्या म्हणाल्या. "फूल गिळलं आसंल. पाय उघडेच हायत त्याचे."

कंटेनरांच्या रांगेत रिक्षा अडकली. विजयश्री पोरीच्या छातीला कान लावून बसली होती. त्या नाजूक गळ्यात दोन धारदार पाय ताईंना सारखे दिसत होते. डॉक्टरांना दाखवायला आणलेली वही त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती.

एक्स-रे निघाला. "आत काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"नीट बघा साहेब. पितळ दिसतं न्हवं त्यात?"

"दिसलं असतं, मावशी. घसाही बघितला, पोटही."

बाहेर आल्यावर विजयश्री भिंतीला टेकली. "मग गेलं कुठं ओ ते?"

ताईंनी वही पुन्हा एकदा झटकून बघितली.

"राग न्हाई ताई, पण ही वही घरात नगं." मग हळूच तिनं विचारलं, "गावात आजून किती हायत तुमच्या हातच्या?"

ताई बोटांवर मोजू लागल्या. चौदा घरं होती. त्यातल्याच एका घरातली, मुरारीची नात परवाच रांगायला लागली होती.

"तू रिक्षानं जा घरी. मी मुरारीकडनं सुरू करते, एकेक फूल दाबून येते," एवढं बोलून त्या वही काखेत मारून निघाल्या. चालता चालता जवळजवळ पळू लागल्या. झोपलेली तनुजा खांद्यावर घेऊन विजयश्री त्यांच्याकडे बघत उभी राहिली, ताई ट्रकांच्या धुळीत दिसेनाशा होईपर्यंत.