वसुधा आणि माझी जड अक्षरं

वसुधा गेल्याची बातमी तिच्या भावाने फोनवर दिली, तेव्हा मी एका लग्नपत्रिकेचं काम करत होते. बेंगळुरूतल्या तिच्या के. आर. पुरमच्या घरी, सकाळचा चहा घेताना हृदय बंद पडलं... "अक्का, तुम्हाला आधी कळवायला हवं, असं वाटलं," एवढंच तो बोलू शकला. मी नुसतं कन्नडमधलं 'सरी, सरी', बरं बरं, म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर पत्रिकेतलं वधूचं नाव कितीतरी वेळ वाचत बसले. आता काही आठवडे उलटले, तरी रविवार आला की कान दाराकडेच लागतात.

ती पुण्याची, इथल्या एका सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर. आमचं घराणं पिढ्यान्पिढ्या बेंगळुरूचं. गणेशोत्सवात ओळख झाली तेव्हा माझं कन्नड मिसळलेलं मराठी ऐकून ती मनापासून हसली होती. "अक्का, 'स्वल्प थांब' असं मी पुण्यात म्हटलं तर मला वेड्यात काढतील!" आणि वर्ष सरायच्या आत तीच रिक्षावाल्यांपासून माझ्या सासूबाईंपर्यंत सगळ्यांना स्वल्प थांबवू लागली.

ह्यांचा होसकोट्याचा कारखाना बंद पडला, त्या वर्षी मी घरी मराठी-कन्नड लग्नपत्रिका टाइप करून देण्यासाठी कॉम्प्युटर घेतला. घर त्यावरच चालायचं होतं. पण मशीन असं संथ, की मी ओळ टाइप करून पदर सावरावा, तेव्हा कुठे अक्षरं पडद्यावर यायची. गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. दुकानदार म्हणाला, "मशीन फर्स्ट क्लास आहे मॅडम. तुमची मराठी अक्षरंच जड आहेत." हे म्हणाले, विकून टाकू. मी वसुधाला सांगितलं, तर तिला आधी हसूच आवरेना. मग म्हणाली, "विकू नका. मी रविवारी येते."

आली ती पर्समध्ये फ्लॉपी घेऊन. कॉम्प्युटरच्या आत काय काय आहे ते सांगणारे फुकट प्रोग्रॅम तिने ऑफिसातून गोळा केले होते. पहिला फार देखणा, रंगीत चौकटींचा. मला तोच आवडला. "हा मशीनला विचारतो आणि मशीन सांगेल ते छापतो," ती म्हणाली. दुसरा अर्धी माहिती दाखवून उरलेल्या माहितीसाठी पैसे मागायचा. तिसरा काळ्या पडद्यावर नुसते पांढरे आकडे. तिने तो ठेवला. "हा विचारत नाही अक्का, स्वतः मोजतो. माझ्या ऑफिसच्या मशीनवर चालवून पाहिलाय. ते मी स्वतः उघडून बघितलंय, त्यामुळे हा खरं बोलतो हे मला माहीत आहे."

आकडे बघून तिने स्क्रू काढायला घेतले. वारंवार लागणारं सामान आपण ओट्यावर ठेवतो, तशी मशीनलाही हाताशी एक छोटी मेमरी लागते. आमच्या मशीनमध्ये तिच्या जागी पोकळ प्लास्टिकचे तुकडे बसवलेले होते आणि सुरू होताना पडद्यावर मात्र ती आहे असं ऐटीत उमटायचं! मला रडू आलं. वसुधाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "रडता काय? तुमची अक्षरं हलकीच आहेत, हे सिद्ध झालं की!"

दुकानात ती भांडली नाही. "आधी तुमच्या मशीनवर चालवू," म्हणाली. त्याच्या मशीनचे आकडे बरोबर आले, त्याने स्वतःच मान डोलावली. मग तीच फ्लॉपी सोबत नेलेल्या आमच्या मशीनमध्ये घातली. त्या छोट्या मेमरीपुढे शून्य आलं. "सरी मॅडम, आतला बोर्ड बदलून देतो."

त्यानंतर पत्रिकांना खंड पडला नाही. हेही टाइप करायला शिकले. आणि वसुधा दर रविवारी यायची, काम नसलं तरी. जेवायची, मशीनशी काहीतरी खुडबुड करायची, माझ्या मजकुरातलं कन्नड वळण हळूच पुसायची. मी रागावले की म्हणायची, "राहू दे अक्का, तुमचंच गोड आहे." आणि पुसलेलं परत लिहायची.

माझ्या खुर्चीवर एक उशी आहे. वसुधाला टेबल उंच पडायचं, म्हणून तिने स्वतःच आणून ठेवलेली. मी चांगली उंच. त्या उशीवर बसलं की माझे गुडघे टेबलाला घासतात. हे परवा म्हणाले, "काढून ठेवू का?" मी नको म्हटलं. गुडघे घासत बसते, टाइप करते. उशी मध्ये खोलगट झाली आहे, तिच्याच मापाची.