अर्थची पट्टी

१९९६ च्या नोव्हेंबरात आमची तुकडी उत्तरेच्या डोंगरात, साडेबारा हजार फुटांवर गेली. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. गाव कोडोली, तालुका पन्हाळा. माझ्या ताब्यात दोन गाड्या होत्या. एक राशन आणणारा ट्रक आणि एक वन-टन ॲम्ब्युलन्स. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर नाईक सुधाकर कांबळे, बिद्रीचा. अख्ख्या कॅम्पात कोल्हापूरचे आम्ही दोघंच. तो मला कधी नावानं हाक मारायचा नाही. "कोडोलीकर" म्हणायचा.

त्याचे वडील साखर कारखान्यात नोकरीला होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती. बायको मंगल त्या वर्षी डी.एड. करत होती आणि सुधाकरला त्याचा फार अभिमान होता. तिची पत्रं आली की पहिल्यांदा तो त्यातलं अक्षर दाखवायचा, मजकूर नाही.

दिनक्रम ठरलेला. साडेपाचला उठायचं. सहाला गाडीची फर्स्ट परेड, म्हणजे तेल, पाणी, टायर, बॅटरी तपासणं. संध्याकाळी रेडिएटरचं पाणी काढून ठेवायचं, सकाळी गरम करून भरायचं. मग स्टार्टर. पारा उणे अठरापर्यंत उतरायचा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मला ॲम्ब्युलन्सचा आवाज बदललेला जाणवला. स्टार्टर मारला की इंजिन जड फिरायचं. घर्र, मग थांबून घर्र, मग पुन्हा थांबून घर्र. पाच-सहा वेळा मारल्यावर एकदाचं पेट घ्यायचं. दुपारी इंजिन गरम असताना मात्र पहिल्याच झटक्यात चालू.

"बॅटरी गेली बग," सुधाकर म्हणाला.

मी हायड्रोमीटर लावला. ॲसिड चांगलं होतं. टर्मिनल खरवडून साफ केले. दुसऱ्या दिवशी आवाज आणखी जड. स्टोअरमधली नवी बॅटरी बसवली. दोन दिवस थोडा फरक पडला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

इथं थोडं समजावून सांगतो. बॅटरीतून स्टार्टरला करंट जातो तो जाड वायरनं. तो परत येतो इंजिन आणि चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, यांच्यामधून. इंजिन रबरावर बसवलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चासी जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली एक पट्टी असते. तिला अर्थची पट्टी म्हणतात. ती गंजली किंवा तुटत आली तर करंटची परतीची वाट अरुंद होते. इंजिन गरम असलं की थोड्या करंटवर भागतं. थंडीत ऑइल घट्ट होतं, इंजिन फिरवायला करंट जास्त लागतो, आणि तेव्हाच ती वाट पुरत नाही.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. पण पट्टी गाडीच्या पोटाखाली. तिथं जायचं तर पाठ बर्फावर टेकवून सरपटावं लागतं. मी गेलो नाही. जॉब कार्डावर लिहिलं : अति थंडीमुळे स्टार्टिंग जड. निरीक्षण चालू.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी वरच्या पोस्टचा वायरलेस आला. मी सुभेदारसाहेबांच्या शेजारीच उभा होतो.

"एक कॅज्युअल्टी. पत्थर गिरा है. टांग कुचली है, खून रुक नहीं रहा. गाडी भेजो. ओव्हर."

"रॉजर. गाडी दस मिनट में. आउट."

ट्रक आदल्या दिवशी राशनसाठी खाली गेलेला. ॲम्ब्युलन्स एकटीच होती. सुधाकर आधीच सीटवर बसलेला. त्यानं स्टार्टर मारला. घर्र. बराच वेळ काही नाही. पुन्हा घर्र. मग नुसती टक.

सहा वाजून बावीस. वायरलेस पुन्हा बोलला. "गाडी किधर है? ओव्हर."

सुभेदारसाहेबांनी उताराकडे पाहिलं. गाड्या उभ्या करायची जागा उंचावर होती. तिथून शंभर पावलं उतार, मग रस्ता उजवीकडे वळायचा. डावीकडे खोल नाला. उतारावर रात्रीचं बर्फ काचेसारखं गोठलेलं.

"धक्का दो," ते म्हणाले.

"साब, बरफ है," मी म्हणालो.

"मालूम है. ऊपर आदमी मर रहा है."

त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आम्ही सहा जण मागं लागलो. मी उजव्या कोपऱ्यात. गाडी हलली, वेग आला. सुधाकरनं गियर टाकून क्लच सोडला. धक्का मारून गाडी चालू करताना त्या क्षणी चाकं इंजिनला फिरवतात, चाकांवर एकदम ओढ येते. कोरड्या रस्त्यावर हिसका बसतो आणि काम होतं. बर्फावर चाकं क्षणभर अडकून घसरली. गाडीचं बूड डावीकडे वळलं. माझा हात पत्र्यावरून सुटला. गाडी आडवी झाली, हळूहळू कडेपर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली.

इंजिन चालू झालं होतं. नाल्यातून त्याचा आवाज येत होता. आम्ही दोर लावून खाली पोचेपर्यंत, अकरा मिनिटं, ते एकसारखं, छान चालत होतं. चावी मीच बंद केली. सुधाकर तोपर्यंत गेला होता.

वरच्या जखमी जवानाला त्याच्या साथीदारांनी स्ट्रेचरवर चार किलोमीटर चालत आणलं. त्याचा पाय गेला. तो वाचला.

दुपारी मी कुशीवर पडलेल्या गाडीपाशी गेलो. आता पोट समोरच होतं, सरपटायची गरज नव्हती. अर्थच्या पट्टीच्या तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या. चार-पाच धागे शिल्लक होते. मी सुभेदारसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "लिखके दो." मी लिहून दिलं. चौकशी झाली. अपघाताचं कारण बर्फ, असा निष्कर्ष निघाला. मला कुणी दोष दिला नाही. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं पुढं कित्येक वर्षं वाटत राहिलं.

पेटीबरोबर बिद्रीला मीच आलो. बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावलेली होती. सुधाकरचे वडील भिंतीला टेकून बसले होते.

"गाडी घसरली व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय तात्या. बर्फावर."

एवढंच बोललो. ते खोटं नव्हतं.

२००२ ला पेन्शन घेऊन कोल्हापुरात गॅरेज टाकलं. २००५ च्या जानेवारीत एक जुनी पांढरी कार आत आली. चालवत होत्या मंगलवहिनी. आता त्या हायस्कूलला शिक्षिका होत्या. तात्या मध्यंतरी वारले होते.

"भाऊजी, थंडीत सकाळची गाडी उठतच न्हाई बगा," त्या म्हणाल्या. "जड जड फिरती. दुपारी काय न्हाई. दोन बॅटऱ्या घातल्या, तरी तसंच."

मी बॉनेटला हात लावून पाहिला, गरम होतं. मग म्हणालो, "वहिनी, गाडी आज हितंच ठेवा. इंजिन पार गार झाल्यावर बघायला पायजे. गरम गाडीत हा रोग दिसत न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या आल्या. सकाळचे पावणेसात. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला धरली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. त्यांना स्टार्टर मारायला सांगितलं. घर्र. काटा पावणेदोन व्होल्टवर गेला. तो पाव व्होल्टच्या वर जायला नको. मी गाडीखाली गेलो. रंगकाम करताना कुणीतरी पट्टी रंगावरच आवळली होती आणि खाली गंज धरला होता. लोखंड घासून चकचकीत केलं, नवी पट्टी टाकली, बोल्ट आवळला.

"मारा," मी खालूनच म्हणालो. इंजिन पहिल्या झटक्यात उठलं.

बाहेर आलो. हात पुसत राहिलो. मग म्हणालो, "वहिनी, गाडी बंद करा. एक सांगायचं हाय."

मी सगळं सांगितलं. जड आवाज, जॉब कार्ड, पट्टी, धक्का. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"म्हंजे तुमी खाली जाऊन बगितलं असतं तर?"

"सापडलं असतं. अर्ध्या तासाचं काम हुतं."

"मग घरी आलतासा तवा का न्हाई बोललासा?"

"तात्या समोर बसलेले. धाडस झालं न्हाई."

त्या गेटपर्यंत चालत गेल्या. रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता जातील. परत आल्या.

"मी तुमाला माफ केलं असं म्हणणार न्हाई. आज तरी न्हाई," त्या म्हणाल्या. "पर एक खरं सांगा. तुमी मागं ढकलत हुतासा. शेवटचं काय बोललं ते?"

चौकशीत हे कुणी विचारलं नव्हतं. तात्यांनीही नाही.

"गाडी हलंना झालती," मी म्हणालो. "त्यानं खिडकीतनं मुंडकं भाईर काढलं आन् वरडला, 'कोडोलीकर, ढकलतुयास का नुसतंच टेकतुयास रं?'"

वहिनींनी तोंडावर हात दाबला. आधी हसल्या. ते हसू पुष्कळ वेळ टिकलं, आणि मग ते हसू राहिलं नाही.

"असंच बोलायचं," त्या म्हणाल्या. "आठ वर्सं झाली. मला वाटायचं, भ्यालं असत्याल."

"न्हाई वहिनी. अजिबात न्हाई."

त्यांनी घड्याळ पाहिलं, डोळे पुसले, गाडीत बसल्या. साडेदहाची शाळा होती.

नाईक सुधाकर कांबळे, मुक्काम बिद्री. वय एकोणतीस. अक्षर पाहून खूश होणारा माणूस. त्याच्या त्या बोलण्याला मी उत्तर दिलं नव्हतं. त्या उंचीवर ढकलताना धाप लागते, तोंडातून शब्द निघत नाही. मनात म्हटलं होतं, गाडी चालू झाली की सांगतो तुला.