मोऱ्याची गाडी

पनवेलला थंडी अशी कधी पडतच नाही. तरीही दर नाताळात आमच्याकडची तिन्ही चर्चं गरिबांना ब्लँकेटं वाटायची. जुन्या पनवेलातलं आमचं मराठी चर्च, नवीन पनवेलचं कॅथलिक, आणि सुकापूरला नव्या इमारतींच्या मधे उभं राहिलेलं मल्याळी लोकांचं. तिघांचे बॅनर वेगळे, फोटो वेगळे, वस्ती मात्र एकच. तिथल्या एका बाईने मला तिच्या खोलीतला ब्लँकेटांचा ढीग दाखवला आणि विचारलं, "बाई, यंदा याच्याऐवजी पंखा नाय का मिळणार?"

मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि सहनशक्ती कमी. त्याच सुमारास तिन्ही चर्चची पहिली एकत्र बैठक झाली. आमचे पाळकसाहेब, कॅथलिकांचे फादर आणि मल्याळ्यांचे अच्चन, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, तिघेही ऐक्यावर गोड गोड बोलत होते. बिस्किटं संपली तरी ऐक्य संपेना. शेवटी मी उठले आणि पंख्याची गोष्ट सांगून टाकली. "आपण लोकांना काय हवं ते कधी विचारलंय का?" असंही वर विचारलं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला, म्हणजे त्यांना राग आला होता.

बोलली ती मल्याळी चर्चमधली एक नर्स. ती इथल्याच एका डायलिसिस सेंटरमध्ये काम करायची. म्हणाली, उपचार फुकट झाले तरी लोक ते अर्ध्यावर सोडतात, कारण येणं-जाणं जमत नाही. आठवड्यातून तीनदा लांबच्या गावाहून यायचं, सुया टोचून घेऊन तासन् तास पडून राहायचं आणि मग गळून गेलेल्या अंगाने एसटीच्या रांगेत उभं राहायचं. कालच एक बाई स्टँडवर जमिनीवर बसली आणि म्हणाली की आता मी परत येत नाही.

ती बाई म्हणजे मोऱ्याची, उरणजवळच्या मोरा बंदरावरची मावशी. जात कोळ्याची, धंदा मासळी विकण्याचा, आणि तोंड माझ्यापेक्षा तिखट. मी आणि नर्स तिच्या घरी गेलो तेव्हा तिने आधी आम्हाला पारखून घेतलं. "तुमच्या धर्मान यायला लागंल का?" तिने सरळच विचारलं. मी म्हटलं, "गाडीत यायला लागेल." ती हसली, आणि सोमवारी आली.

तेव्हापासून सोमवारी मल्याळ्यांची व्हॅन, बुधवारी कॅथलिकांपैकी एका बेकरीवाल्याची गाडी, आणि शुक्रवार या दोन गाड्या नि आमच्या चर्चची जीप अशा तिघांत फिरता. हळूहळू इतर गावांचेही पेशंट गाडीत चढू लागले. बरोबर कोणीतरी बाईमाणूस असावं म्हणून बरेचदा मी जायची. मावशीला दिवसाला मोजकंच पाणी पिण्याची परवानगी होती. तोंड कोरडं पडलं की ती बर्फाचा खडा चघळायची. "जनमभर बर्फावर मासली इकली," ती म्हणायची, "आता त्योच बर्फ चोखून दिस काढतंय." असं बोलून स्वतःच मोठ्याने हसायची, पण खिडकीतून उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसलं की मान फिरवून घ्यायची.

गाडीमुळे आमची भांडणं मिटली असं मुळीच नाही. डिझेल कोणी भरायचं यावरून भांडलो, गाडीत कुठलं गाणं लावायचं यावरून भांडलो. पण भांडण्यासाठी का होईना, रोज फोन व्हायला लागले. वर्ष उलटल्यावर कोणाच्या तरी डोक्यात आलं की यंदा गुड फ्रायडेची भर दुपारची उपासना एकत्र करू या. कॅथलिकांचा स्वतःचा विधी संध्याकाळी असतो, पण फादर बोलायला आणि त्यांची माणसं बसायला यायला तयार झाली. प्रभूने क्रुसावर उच्चारलेल्या सात वाक्यांवर सात जणांनी बोलायचं. पाचवं माझ्याकडे आलं. ते तहानेविषयीचं. मी महिनाभर खपून भाषण तयार केलं, आरशासमोर म्हणून पाहिलं. खोटं कशाला सांगू, फार सुंदर झालं होतं.

त्या दुपारी आमचं चर्च इतकं भरलं की खिडक्यांत माणसं बसली. कडक ऊन, वरून उपास, आणि आमच्यापैकी बरेच जण तर पाणीही न घेता आलेले. दारावर सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावले होते. मराठी गीत झालं, मल्याळी झालं, कोकणी झालं. माझ्या लहानपणी आम्ही एकमेकांच्या दारात चहासुद्धा घेत नव्हतो, आणि आता एकाच पुस्तकात डोकी खुपसून गात होतो. मला भरून आलं. डोळे पुसून सहज बाजूच्या रांगेकडे पाहिलं, तर पांढरे शर्ट घालून शेजारी शेजारी बसलेले आमचे तीन ड्रायव्हर दिसले. व्हॅनवाला, बेकरीवाला आणि आमच्या चर्चचा जीपवाला. तिघेही तल्लीन होऊन गात होते.

आज शुक्रवार. हे तिघेही इथे, तर मोऱ्याला कोण गेलंय?

कोणीच गेलं नव्हतं. ज्याची पाळी होती त्याला वाटलं, आज मोठा दिवस, दुसरा कोणी बघेल. दुसरा तिसऱ्याला गृहीत धरून चालला होता. वर्षभरात एकही शुक्रवार न चुकवणारे आम्ही नेमके या शुक्रवारी देवळात येऊन बसलो होतो. मी पदराआड मोबाईल चालू केला. मावशीच्या सुनेचे फोनवर फोन येऊन गेले होते. मी बाहेर जाऊन लावला. सून रडत होती. नवरा बोटीवर समुद्रात, म्हणून तिने शेजाऱ्याच्या मासळीच्या टेम्पोत सासूला उरणच्या नाक्यापर्यंत आणलं होतं, पण टेम्पो पुढे येणार नव्हता. मावशीला धाप लागली होती. आजचं डायलिसिस चुकलं असतं तर अंगात साठलेल्या पाण्याने ती सोमवारपर्यंत तगली नसती.

आत अच्चनांचं बोलणं चाललं होतं. एकदा सुरू झाले की अच्चन कोणासाठी थांबत नाहीत. मी सरळ मधल्या वाटेने चालत गेले आणि शाळेतल्या आवाजात म्हटलं, "मोऱ्याची गाडी गेली नाही."

अच्चन थांबले. अख्खं चर्च थांबलं. एका गाडीचं काम होतं, पण तिन्ही ड्रायव्हर एकदम उठले. नर्सने सेंटरला फोन लावला. उत्तर आलं की हिचं मशीन आता दुसऱ्याला दिलंय, उशिरा चालवायचं तर थांबायला माणूस नाही. "मी थांबते," ती म्हणाली, आणि सुट्टीची साडी नेसलेली तशीच निघाली. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य फादरांचं, मग माझं. "तुमचं भाषण?" त्यांनी विचारलं. "राहू दे," मी म्हटलं, आणि जीपमध्ये चढले.

व्हॅन पुढे, जीप मागे, आणि वाटेत काही बिघडलं तर असावी म्हणून बेकरीवाल्याची गाडी सर्वांत मागे. बंदराकडच्या कंटेनरच्या रांगांतून आमची ती वरात हॉर्न वाजवत गेली. नाक्यावर मावशी सुनेला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, ओठ काळे. मला वाटलं, ही शिव्या देईल. देवाशपथ, तिने द्याव्यात असंच वाटत होतं. पण ती नुसती म्हणाली, "आलाव."

सेंटरवर पोचलो तर फाटकाबाहेर आमचं निम्मं चर्च उभं. उरलेली उपासना झाडाखाली चालली होती. नर्सने मावशीला आत घेतलं. आम्ही झाडाखाली जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने तिने दार उघडून अंगठा दाखवला, आणि गुड फ्रायडेच्या दिवशी कोणी टाळ्या वाजवत नाहीत हे साफ विसरून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी तर शिट्टी मारली.

मी आत गेले. मशीन चालू असताना थोडं पाणी चालतं, म्हणून नर्सने मावशीच्या हातात पेला दिला होता. मावशी तो धरून माझ्याकडे बघत राहिली.

"आज तुमच्या देवाचा दिस ना? मंग त्याला सोरून कशाला आलाव?"

माझ्याकडे एवढं तयार भाषण होतं. त्यातलं एक वाक्य सुचेल तर शपथ. मला फक्त रडू आलं.

"रडतेस काय," मावशी म्हणाली. ती मोजून अर्धा पेला प्यायली आणि उरलेला तिने माझ्यासमोर धरला. "पी. सकालपासून तुझा पन घसा सुकला आसंल." दिवसभर ज्या पाण्यासाठी तिचा जीव टांगला होता, त्यातलं अर्धं ती मला देत होती. मी प्यायले. माझा उपास तिथेच सुटला.

आता एकत्र उपासनेचं काही नवल राहिलेलं नाही. पण दर गुड फ्रायडेला पहिलं गीत सुरू होण्याआधी अच्चन माईक हातात घेतात आणि आपल्या मल्याळी वळणाच्या मराठीत विचारतात, "मोऱ्याची गाडी गेली काय?" सगळ्यांचे मोबाईल बंद असतात, माझा एकटीचा चालू. यंदाही मी त्यावरून गाडीत फोन लावला आणि स्पीकर चालू करून तो माईकसमोर धरला. आधी इंजिनाचा आवाज आला, मग गाडीतल्या माणसांची कुजबुज, आणि मग भरल्या चर्चमध्ये मावशीचा मासळीबाजारातला खणखणीत आवाज घुमला.

"गारी आली, बसले मी. करा तुमची प्रार्थना चालू!"