उशाशी ठेवलेलं यंत्र

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेले घड्याळजी साठीनंतर लेकीकडून मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्र चालवणारी इवलीशी चिप, शिकायला बसले. बायको नुकतीच मोठ्या दुखण्यातून उठली होती आणि तिला सारखी थंडी वाजायची. तिच्या उशाशी खोलीचं तापमान मोजणारं यंत्र ठेवायचं, तेही स्वतःच्या हातानं केलेलं, असा त्यांचा हट्ट.

तारा जोडल्या, प्रोग्राम चढवला, आकडेही उमटले. पण त्या यंत्रानं त्यांच्या नाकी नऊ आणले. खोलीत बावीस अंश असायचे आणि ते तपासायला तिच्या उशाशी वाकले, की आकडा पंचविसावर! तीनदा सेन्सर बदलला, तरी तेच.

"टाकाऊ माल आहे सगळा!" ते करवादले.

लेक हसली. "बाबा, सेन्सर बिचारा बरोबर आहे. तुम्ही घड्याळासारखं त्यालाही नाक लावून बघता. तो तुमचा श्वास मोजतोय."

घड्याळजी ओशाळले. डोळ्याचं भिंग काढून, यंत्र उचलून ते पलीकडच्या भिंतीकडे निघाले.

पांघरुणातून बायको म्हणाली, "अहो, ते ठेवा तिकडे लांब. तुम्ही मात्र इथेच बसा."