हार्लनचा आकडा

हार्लन ऑपडालला चांदीच्या डॉलरांचा कंटाळा आला होता. आयोवातल्या त्या नदीकाठच्या गावात हे मोठ्यानं बोलायची सोय नव्हती, कारण गावाच्या लेखी हार्लन आणि डॉलर हे एकच प्रकरण होतं. तो दूध आणायला गेला तरी गल्ल्यावरची बाई पाकिटातून नाणं काढायची. चर्चच्या पायऱ्या उतरताना कुणीतरी दंड धरायचं. "हार्लन, जरा बघ ना, आजोबांच्या पेटीत सापडलं." मग तो बघायचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाला नाही म्हणायचाही शीण होतो.

हे त्यानं स्वतःच ओढवून घेतलेलं होतं म्हणा. तरुणपणी तो बँकेत खिडकीवर बसायचा. तेव्हा हे डॉलर पोत्यांनी यायचे आणि लोकांना ते नको असायचे, खिसे फाटतात म्हणून. हार्लन जेवणाच्या सुट्टीत पोतं उपसायचा आणि चांगला डॉलर दिसला की पदरचा कागदी डॉलर टाकून तो उचलायचा. तिथंच त्याचा डोळा तयार झाला. नाणं फक्त कडेनं धरायचं. आधी त्यावरच्या स्वातंत्र्यदेवीचा गाल बघायचा, ओरखडे तिथं पहिले पडतात. मग कानावरचे केस, झीज तिथं पहिली होते. मग उलटून गरुडाची छाती. शेवटी दिव्याखाली हळूच कलतं करायचं. बाजारात कधी फिरलंच नसेल तर त्या नाण्यावरून उजेड गोल फिरतो. मग एकपासून सत्तरपर्यंतचा आकडा द्यायचा. त्रेसष्ट आणि पासष्ट यांत फरक केसाएवढा, पण तेवढ्यावर किंमत दुप्पट-चौपट होते. हार्लन शिसपेन्सिलीनं नाण्याच्या पुठ्ठ्याच्या पाकिटावर आकडा लिहायचा आणि तीन तालुक्यांत कुणी त्यावर वाद घालत नसे.

आता गंमत अशी, की हार्लनला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध धुराचा डाग बसला होता. कडेकडेनं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जायचं. डॉक्टरनं सांगितलं होतं, यावर शस्त्रक्रिया नाही. हार्लननं हे कुणालाही सांगितलं नाही. त्याला धीर होता तो नाण्यांच्या मंडळातल्या फेरीचा.

मंडळ म्हणजे वाचनालयाच्या तळघरात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी जमणारी बारा माणसं, पातळ कॉफी आणि लिंबाच्या वड्या. दर वेळी पाच नाणी बिननावाची टेबलावर यायची आणि दिव्याखालून हातोहात फिरायची. प्रत्येकानं हातानं झाकून आपला आकडा चिठ्ठीवर लिहायचा. चिटणीस आर्डिस, पोस्टातून निवृत्त झालेली बाई, सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून वाचायची. हार्लनची चिठ्ठी शेवटी, कारण तोच खरा आकडा मानायची रीत होती. आणि डोळे गेले तरी हार्लनचा आकडा बाकीच्यांशी जुळत होता. त्याला वाटायचं, पन्नास वर्षांचा हात आहे, तो आंधळा होत नाही.

पण फेब्रुवारीत गॉर्डीचा आकडा त्याच्याशी जुळला, तिसऱ्यांदा. ट्रॅक्टर विकणारा गॉर्डी वीस वर्षांत हार्लनशी कधी तीन आकड्यांच्या आत आला नव्हता. हार्लननं भर सभेत त्याला कितीदा तरी सुनावलं होतं, "देवानं तुला डोळे चष्मा अडकवायला दिलेत." तो गॉर्डी असा अचानक सुधारेल? हार्लनची झोप उडाली.

त्यातच लव्हॉनचा फोन आला. तिचा नवरा ऑरिन, हार्लनचा जिवलग, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी वारला होता. ती आता घर आवरून लेकीकडे अ‍ॅरिझोनाला निघाली होती. ऑरिनचे एकशेचार डॉलर विकायचे होते. "मंगळवारी मंडळात डॉलर लावलेली वहीच घेऊन येते. तू आकडे घाल, मी तेवढ्याला विकेन. दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही, असं ऑरिन म्हणाला होता." तिच्याकडे तेवढीच पुंजी होती. हार्लननं हो म्हटलं खरं. आपला आकडा खरा की खोटा, हे मंगळवारी तिची वही उघडायच्या आत कळायला हवं होतं.

त्यानं कपाटातून एक डॉलर काढला. बारा वर्षांचा असताना आजीनं वाढदिवसाला दिलेला. चमकावा म्हणून त्यानं तो खायच्या सोड्यानं घासला होता. या छंदातल्या प्रत्येक माणसानं लहानपणी हे पाप एकदा केलेलं असतं. घासलेलं नाणं कायमचं मेलं. त्याला आकडा नसतो, चिठ्ठीवर नुसतं 'घासलेलं' लिहायचं. या डॉलरचे चरे तर खोलीच्या दारातून दिसावेत असे होते. त्या मंगळवारी पाचातलं एक नाणं आणायची पाळी हार्लनची होतीच. त्यानं तेच टेबलावर ठेवलं, फिरून आपल्याकडे आलं तेव्हा भिंग लावलं, उगाच दोनदा कलतं केलं आणि चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं, चौसष्ट.

आर्डिसनं चिठ्ठ्या गोळा केल्या. "त्रेसष्ट," ती वाचू लागली. "चौसष्ट. चौसष्ट. त्रेसष्ट. गॉर्डी, पासष्ट."

गॉर्डी कॉफीत बघत होता. "आणि हार्लन, चौसष्ट. झालं, घ्या वड्या," ती म्हणाली.

"आर्डिस," हार्लन म्हणाला, "चिठ्ठ्या इकडे दे."

"आता कशाला? फेकायच्याच आहेत."

"दे म्हणतो ना."

त्यानं एकेक चिठ्ठी डोळ्याच्या कडेला नेऊन वाचली. घासलेलं. घासलेलं. घासलेलं. गॉर्डीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'हे कुणी तव्यासारखं घासलंय?'

"कधीपासून?" हार्लननं विचारलं.

आर्डिसनं चष्मा काढून पुसायला घेतला. "ऑक्टोबरपासून."

"गेल्या?"

"त्याच्या आदल्या. रागावू नको रे. ऑरिननंच सांगितलं होतं. म्हणाला, त्याला दिसेनासं झालंय, पण हे गेलं तर त्याच्याजवळ राहतंय काय? मी तुझी चिठ्ठी आधी बघून तिच्या आसपासचे आकडे वाचायची आणि हे सगळे गप्प बसायचे."

म्हणजे दीड वर्ष दर महिन्याला अकरा माणसांनी आपण न लिहिलेला आकडा आपल्या नावावर ऐकला होता आणि माना डोलावल्या होत्या. होता तोवर ऑरिननंही. हार्लनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मागोमाग संतापही.

"अरे, बाहेरची माणसं माझ्याकडे येतात!" तो ओरडला. "दीड वर्ष मी पाकिटांवर आकडे लिहितोय, ते वाचून कुणीतरी पैसे मोजतंय. तुमच्या मायेनं मला लबाड करून ठेवलं की!" मग तो लव्हॉनकडे वळला. ती मांडीवर वही घेऊन कोपऱ्यात बसली होती. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तरी मलाच दाखवणार होतीस? तुझी सगळी पुंजी आहे ती, बये!"

"तू जो आकडा देशील तो घेणार होते," लव्हॉन म्हणाली. "थोडं नुकसान झालं असतं. ऑरिन म्हणाला होता, होऊ दे."

हार्लन खाली बसला. तो इतका थकला होता, की रागावणंही त्याला पेलेना. मग त्यानं चिठ्ठ्या आर्डिसकडे सरकवल्या. "परत वाच. लिहिलंय ते वाच."

आर्डिसनं वाचलं. एकूणएक चिठ्ठी वाचली. शेवटी म्हणाली, "हार्लन, चौसष्ट."

मग गॉर्डीला राहवेना. "घासलेल्याला चौसष्ट! देवानं डोळे कशाला दिले म्हणालास रे मला?" आणि बोलून गेल्यावर तोच घाबरला. पण हार्लन हसला. दीड वर्षात त्याला कुणी चिडवलं नव्हतं, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं, आणि त्याला फार बरं वाटलं.

त्यानं लव्हॉनच्या मांडीवरून वही उचलली आणि गॉर्डीपुढे ठेवली.

"मी?" गॉर्डी म्हणाला. "माझा हात कच्चा आहे, तूच म्हणतोस."

"अजूनही म्हणतो. पण तुला दिसतं."

गॉर्डीनं पहिला डॉलर कडेनं धरून दिव्याखाली नेला. गाल पाहिला, केस पाहिले, उलटून गरुड पाहिला. "बासष्ट," तो हळूच म्हणाला, आणि सवयीनं पेन्सिल थांबवून हार्लनच्या तोंडाकडे बघत राहिला. हार्लननं नाण्याकडे नजर नेली. तिथं धूर होता.

"लिही," तो म्हणाला.