झेंड्याची निरगाठ

एका सव्वीस जानेवारीला, बारा वर्षांच्या मुलीनं अगदी नीट बांधलेला झेंडा मी सोडला आणि माझ्या अकलेनं परत बांधला. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मी पंचवीस वर्षांची होते आणि गळ्यात शिट्टी होती, एवढं पुरे होतं.

त्या शिट्टीचं आधी सांगते. आकुर्डीजवळच्या आमच्या वसाहतीत शाळेनं मुलींचं गाइड पथक काढलं. दर रविवारी ते चालवायला बिनपगारी बाई हवी होती. आमच्या यांची रविवारीही शिफ्ट असायची, घरात मी आणि रेडिओ. मी हात वर केला. दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात सहा गाठी शिकले आणि चार परतीच्या गाडीत विसरले. शिट्टी मात्र विसरले नाही. पिंपरीच्या बाजारात मेथी आणायला जातानाही ती गळ्यात. "भाजीवाल्यानं मापात मारलं तर वाजवणार का?" असं हे विचारायचे.

मुली माझ्याहून हुशार होत्या. कुणाचे वडील लेथवर, कुणाचे गॅरेजात, कुणाचे ऑफिसात. रविवारी सगळ्या एका रांगेत. मला येत नसे ते त्या पुस्तकात बघून शिकायच्या आणि मला करून दाखवायच्या. मी गंभीरपणे "बरोबर" म्हणायचे.

गाठींत सगळ्यांत पटाईत होती ती गावातल्या जुन्या घरातली एक मुलगी. तिचे वडील भोसरीच्या एका कारखान्यात क्रेनला अवजड माल बांधायचं काम करत. फेब्रुवारीत लोहगडाच्या पायथ्याला तीन दिवसांचं शिबिर होतं. बाकीच्या घरांतून होकार आले होते. हिच्या वडिलांनी मला दारातच सांगितलं, "रविवारचं ठीक हाय, बाई. पण तीन दिवस पोर घराबाहेर? सव्वीस जानेवारीला झेंडा ती बांधणार म्हणता ना? बघतो काय शिकली ते. मग बोलू."

म्हणजे तिचं शिबिर त्या झेंड्यावर ठरायचं होतं. महिनाभर तिनं जुन्या पंच्यावर सराव केला. कापडाची घडी, आत पाकळ्या, वरून सुरगाठ. खालून दोरी ओढली की एका हिसक्यात सुटायला हवी आणि वाऱ्यानं सुटायला नको, एवढीच ती गाठ.

त्या दिवशी उजाडता उजाडता झेंडा बांधून ती गणवेश घालायला घरी गेली. मैदानावर मी एकटी. मी गाठ चाचपली. "अगं बाई, ही तर ओढली की सुटेल!" असं मी खरोखर मनाशी म्हटलं. हसा, मी पण हसते आता. डाळीच्या पुरचुंडीला मारावी तशी निरगाठ मारली, वर आणखी एक मारली, आणि झेंडा टोकापर्यंत चढवून ठेवला.

आठ वाजता आमच्या यांच्या कारखान्याचे मोठे साहेब पाहुणे म्हणून आले. त्यांनी दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. वर गाठोडं नुसतं डुललं. तिसऱ्यांदा साहेबांनी दोन्ही हात लावले, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "पोरींच्या हातात दिलं की असंच व्हायचं, राव!" आणि हशा पिकला.

झेंडा खाली घेतला. मुलगी धावत आली. गाठ पाहिली, माझ्याकडे पाहिलं, मग नखांनी ती निरगाठ सोडवून अर्ध्या मिनिटात झेंडा पुन्हा बांधला. या वेळी पहिल्याच हिसक्याला पाकळ्या साहेबांच्या टकलावर. टाळ्या झाल्या. पण तिचे वडील त्याआधीच, हशा ऐकून, सायकलवर टांग मारून निघाले होते.

मी काय केलं? जिलेबी वाटली. गळ्यात शिट्टी असूनही तोंडातून आवाज फुटला नाही. मुलगी जिलेबी न घेताच घरी गेली.

दुपारी तिच्या घरी गेले. वडील ओट्यावर बसले होते, ती आत भांडी घासत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, "तिची गाठ बरोबर होती. मी सोडली आणि चुकीची बांधली. सकाळीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

त्यांनी आत हाक मारली, "का गं, तुला ठाव हुतं?"

"व्हय."

"मग मी एवढा बोललो, तवा तोंड का उघडलं न्हाईस?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "बाईंची चूक बाईच सांगतील म्हनलं."

मला ओट्यात गडप व्हावंसं वाटलं. शिबिराचं नाव काढायची माझी हिंमत होईना. म्हटलं, "माझा राग तिच्यावर काढू नका," आणि जायला वळले. तेव्हा ते म्हणाले, "थांबा, बाई. आमच्याकडं क्रेनचा माल एकानं बांधला, की दुसरा त्याला इचारल्याबिगर हात लावत न्हाई. खाली मानसं असत्यात. पोर येईल शिबिराला. पन तिनं तंबू बांधला, की तुमी लांब बसायचं."